हेड उघडण्याआधी: गाडी पाणी खातेय म्हणजे पॅकिंगच गेलं का?

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात तुमची गाडी तापली. सात वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल, कंपनीचं सीएनजी किट, ९२ हजार किलोमीटर झालेली. काटा लालपर्यंत गेला, तुम्ही बाजूला घेतली, थोडा वेळ थांबून बाटलीतलं पाणी ओतलं आणि घरी आलात. तेव्हापासून तीनशे किलोमीटरला अर्धा लिटर पाणी कमी होतंय. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पहिला अर्धा मिनिट इंजिन थरथरतं आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. एक मेकॅनिक म्हणाला हेड पॅकिंग गेलं, २८ हजार होतील. दुसरा म्हणाला रेडिएटर कॅप बदला आणि बिनधास्त चालवा. तुमचा प्रश्न असा, की दोघांतला खोटं कोण बोलतोय?

कदाचित कुणीच नाही. दोघांनी आपापला अंदाज सांगितला, एवढंच. तुम्ही जे लिहिलंय त्यात कुणी कसली टेस्ट केल्याचं दिसत नाही. बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून पाहिलं आणि आकडा सांगून टाकला. मी २६ वर्षं गॅरेज चालवतोय. ‘पॅकिंग गेलंय, फक्त बदलून द्या’ म्हणत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं हेड मी उघडतच नाही. आणि ‘कॅप बदलली तरी पाणी जातंय’ म्हणत महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या काहींचं उघडावं लागतं, पण तोवर हेड वाकलेलं असतं. चूक दोन्हीकडे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅकिंग गेलं की नाही हा तसा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न, ते अर्धा लिटर पाणी जातंय कुठून? आणि दुसरा, जो तुम्हाला अजून कुणी विचारलेला दिसत नाही: त्या दिवशी घाटात गाडी तापली कशामुळे? धडधाकट गाडीचं पॅकिंग बसल्या जागी उडत नाही. सहसा आधी गाडी तापते, मग पॅकिंग जातं. तापण्याचं कारण तसंच ठेवून नुसतं पॅकिंग बदललं तर पुढच्या घाटात तुम्ही पुन्हा त्याच वळणावर उभे असाल, २८ हजार घालवून.

पॅकिंगचं काम काय ते समजलं की लक्षणं आपोआप उलगडतात. खाली ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा भाग, वर त्याचं झाकण म्हणजे हेड, आणि मध्ये पॅकिंग, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ पत्रा. तीन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत: जळणारा गॅस, पाणी आणि ऑइल. शिवाय एका सिलिंडरचा गॅस शेजारच्या सिलिंडरात जाऊ द्यायचा नाही. म्हणजे ‘पॅकिंग गेलं’ हा एक आजार नाही, पत्रा कुठे फाटला त्यावर चार-पाच वेगवेगळे आजार आहेत. गॅस आणि पाणी यांच्यामध्ये फाटला तर गाडी पाणी फेकते आणि तापते. पाणी आणि ऑइल यांच्यामध्ये फाटला तर ऑइलचा चहा होतो. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर फाटला तर पाण्याचा थेंबही कमी होत नाही, फक्त शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम ढिले पडतात आणि गाडी ओढत नाही. बाहेरच्या कडेला फाटला तर ब्लॉकवरून ओघळ दिसतो. त्यामुळे एखाद्या गाडीत सगळी लक्षणं एकदम शोधू नका आणि एक लक्षण दिसलं नाही म्हणून निर्धास्तही राहू नका.

आता दाबाचा हिशेब बघा. घाट चढताना जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात स्फोटाच्या क्षणी ५० बारच्या आसपास दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). पाण्याच्या बाजूला असतो फार तर एक बार, तोही रेडिएटर कॅपने धरून ठेवलेला. त्यामुळे फट बारीक असेल तर इंजिन चालू असताना पाणी सिलिंडरात कमीच जातं, मुख्यतः गॅस पाण्यात घुसतो. गाडी बंद केली की उलटं होतं. सिलिंडर रिकामा, पाणी अजून गरम आणि दाबाखाली, मग ते हळूहळू आत झिरपतं. रात्रभरात चमचाभर पाणी पिस्टनवर साचतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर तो सिलिंडर नीट पेटत नाही, इंजिन थरथरतं, अर्ध्या मिनिटात पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि इंजिन गुळगुळीत चालू लागतं. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे थरथरणं. लोणी नाही आणि धूरही नाही.

धूर एवढा महत्त्वाचा का नाही ते सांगतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि सीएनजी जळला की त्याहून जास्त. तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेन पेट्रोलपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त पाणी तयार करतो, रसायनशास्त्राचा सरळ हिशेब आहे. थंडीच्या किंवा पावसाळ्याच्या सकाळी सीएनजी गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ निघणं, टोकातून थेंब टपकणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. बघायचं ते असं, की इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर तो पांढरा धूर राहतो का? वाफ हवेत लगेच विरते. कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी) जळत असेल तर धूर दाट असतो, मागे रेंगाळतो आणि गोडसर वास येतो.

लोण्याचंही तसंच. छोट्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या दमट हवेचं थंड झाकणावर पाणी होतं आणि ते ऑइलशी घुसळून पिवळट साय जमते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या झाकणाखाली ती असते. झाकण पुसा आणि ऑइलची पट्टी काढून बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर सायीकडे दुर्लक्ष करा. पट्टीवरही दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसत असेल तर मात्र गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही आणि मग पॅकिंगचं काम अख्ख्या इंजिनाचं काम होऊन बसतं. शंका असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा ऑइलचा ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, असेल तर ऑइलच्या आधी तेच येतं. जुने लोक ऑइलचा एखादा थेंब गरम तव्यावर टाकून बघतात. पाणी असलं की तो फोडणीसारखा तडतडतो, नसलं की मुकाट्याने धुरावतो. पद्धत गावठी वाटते, पण कारण पक्कं आहे. फक्त घरचा तवा वापरू नका, पुढे काय होतं ते मला सांगायची गरज नाही.

तुमच्या गाडीला सीएनजी आहे हे वाचल्यावर मला माझीच एक फजिती आठवली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका शिक्षकांची गाडी आली. सीएनजी बाहेरून बसवलेला. पाणी कमी होत होतं, रेडिएटरचं तोंड उघडलं की बुडबुडे, होज पाइप (रेडिएटरची जाड रबरी नळी) दगडासारखा कडक. माझ्या मते प्रश्नच नव्हता. हेड उतरवलं, फेसिंग केलं (म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला), नवीन पॅकिंग टाकलं, गाडी दिली. चौथ्या दिवशी सर परत. तेच बुडबुडे. मी दुसऱ्यांदा हेड उतरवायला निघालो होतो, तेवढ्यात माझ्याकडचा पोरगा गाडी बाहेर घेताना चुकून पेट्रोलवर टाकून आला, आणि बुडबुडे बंद. पुन्हा गॅसवर टाकली, बुडबुडे सुरू. गळती पॅकिंगमध्ये नव्हतीच, गॅसच्या रिड्यूसरमध्ये होती.

झालं होतं असं. टाकीतला सीएनजी २०० बारने भरलेला असतो. रिड्यूसर तो दाब उतरवून इंजिनाला झेपेल एवढा करतो. दाब उतरताना गॅस इतका गार पडतो की रिड्यूसर गोठून बसेल, म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरवलेलं असतं. गॅस आणि पाणी यांच्यामध्ये आत सील आणि रबरी रिंगा. त्यातली एक गेली की गॅस पाण्यात शिरतो आणि पाण्याचा दाब वाढतो, अगदी पॅकिंग फुटल्यासारखा. आणि गाडी बंद झाल्यावर, गॅसचा दाब उतरला की पाणी उलट गॅसच्या वाटेत झिरपून सकाळी इंजिनात जाऊ शकतं. म्हणजे बुडबुडे, पाणी कमी होणं, सकाळचं थरथरणं, पांढरा धूर, सगळं सोंग जसंच्या तसं. सरांचे मजुरीचे पैसे परत केले. शिवाय पॅकिंग, कूलंट आणि फेसिंगचे माझ्या खिशातून गेले ते वेगळेच. तेव्हापासून सीएनजीची गाडी आली की पहिला पाना उचलायच्या आधी मी ती पेट्रोलवर टाकतो.

हे तुम्हाला घरीसुद्धा करता येतं. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. गरम गाडीची कॅप उघडायची नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. पाणी आत दाबाखाली असतं, ०.९ बारच्या कॅपमध्ये साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप सैल केली की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. थंड गाडीचा वरचा होज पाइप मुठीत धरून दाबा. रात्रभर उभी गाडी, तरी होज अजून फुगलेला आणि कडक असेल तर आत असा वायू अडकलाय जो थंड झाल्यावरही आक्रसत नाही. निव्वळ वाफ असती तर रात्रीत पाणी होऊन होज मऊ पडला असता. मग कॅप काढून रेडिएटर काठोकाठ भरा, बाजूची जास्तीच्या पाण्याची बाटली नव्हे, रेडिएटर. कॅप लावा, गाडी चालू करा, होज हातातच ठेवा. थंड इंजिनात मिनिटभरात होज टणक झाला तर पाणी तापून फुगायला वेळच मिळालेला नाही. दाब दुसरीकडून येतोय.

त्यानंतर गाडी बंद करून, थंडच असताना कॅप काढून पुन्हा चालू करा आणि बुडबुडे बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतातच, आत अडकलेली हवा असते. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारा वॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत, वाट बघावी लागते. तोवर पाणी फुगून वर येतं, म्हणून तोंडात एक मोठं नरसाळं घट्ट बसवलं तर सोपं जातं. पाणी उकळायला लागायच्या आत थांबा. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे एका लयीत येत राहिले, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर गडबड आहे. हाच प्रयोग आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर करायचा. पेट्रोलवर टाकताना नुसत्या बटणावर विसंबू नका, टाकीचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा आणि पाइपात राहिलेला गॅस संपू द्या. एक सूचना: रिड्यूसर गेला असेल तर रेडिएटरच्या तोंडातून निघतो तो पेटणारा गॅस असतो. प्रयोग मोकळ्या जागेत करा आणि बिडी-सिगारेटवाल्या शेजाऱ्याला लांब ठेवा. नाकाला सीएनजीचा तो ओळखीचा उग्र वास आला तर अर्धं निदान तिथेच झालं.

दोन्ही इंधनांवर सारखेच बुडबुडे आले की संशय पुन्हा हेडवर येतो. आता गॅरेजची पाळी. ज्याच्याकडे ब्लॉक टेस्टर आहे अशाकडे जा. काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी, त्यात निळं पाणी. ती रेडिएटरच्या तोंडावर बसवायची आणि वरचा रबरी फुगा दाबून आतली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. हवेत जळलेल्या गॅसचा कार्बन डायऑक्साइड असला तर निळं पिवळं होतं. रिड्यूसरमधून आलेला न जळलेला गॅस असेल तर रंग निळाच राहतो, म्हणून तुमच्यासारख्या गाडीला ही टेस्ट दुप्पट उपयोगी. अवजार दोनेक हजारांत मिळतं, तरी कितीतरी गॅरेजांत नसतं. आमच्या लोकांना हेड उतरवण्याचा आळस नाही, पण टेस्ट करण्याचा आहे. मीही त्यातलाच होतो.

ही टेस्ट चुकीची करणंही सोपं आहे. नळीत कूलंट ओढलं गेलं तर द्रव बाद. म्हणून रेडिएटरची पातळी आधी दोन-तीन इंच खाली घ्यायची. द्रव जुना असेल तर तो कशालाच बदलत नाही. तो जिवंत आहे का हे बघायला त्यात नळीने आपला श्वास सोडायचा, आपल्या श्वासातही कार्बन डायऑक्साइड असतो, पिवळा पडला की द्रव चांगला. मग तो फेकून ताजा घ्यायचा. आणि बंद शेडमध्ये चार गाड्या सुरू असतील तर हवेतल्या धुरानेच रंग बदलेल. पिवळा रंग आला तर मी त्यावर विश्वास ठेवतो. निळा राहिला तर मात्र एवढ्यावर सोडून देत नाही, कारण काही पॅकिंग फक्त जोर लागल्यावर, चढावर फुटतात. गॅरेजात उभ्या गाडीला ती शहाण्यासारखी वागतात. अशा वेळी गाडी चढावर चालवून आणतो आणि कॅप उघडण्याइतकी निवली की पुन्हा टेस्ट करतो.

दुसरा पुरावा सकाळच्या थरथरण्याचा. संध्याकाळी रेडिएटरला हातपंप लावून एक बारपर्यंत दाब भरायचा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी काटा किती उतरला ते बघायचं, आणि उतरला असेल तर बाहेर कुठे ओल आहे का ते. बाहेर सगळं कोरडं असेल तर चारही स्पार्क प्लग काढायचे. पाणी गेलेल्या सिलिंडरचा प्लग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा दिसतो, धुऊन काढल्यासारखा पांढरा स्वच्छ. इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्शन काढून दोन सेकंद स्टार्टर मारला की त्या भोकातून फवारा उडतो. तोंड पुढे करून भोकात बघत बसू नका, डोळ्यात कूलंट जातं. आजकाल प्लगच्या भोकातून आत जाणारा छोटा कॅमेरा मिळतो. काजळलेल्या तीन पिस्टनांमध्ये एक चकचकीत दिसला की ग्राहकालाच मोबाइलवर दाखवता येतो, वाद संपतो.

कॉम्प्रेशन टेस्टचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजण्याचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. मी ती करतो, पण तिच्यावर एकटीवर निकाल देत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग चारही सिलिंडर १५०-१९० पीएसआयच्या (हेही दाबाचंच माप) दरम्यान आणि एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर पॅकिंगची मधली पट्टी गेली, हे जवळजवळ नक्की. पण पाण्याच्या बाजूला केसाएवढी फट असेल तर कॉम्प्रेशन चारही ठिकाणी अगदी चांगलं येतं, आणि ‘कॉम्प्रेशन ओके आहे, पॅकिंग नाही’ असं म्हणून गाडी परत पाठवली जाते. माझा नियम असा की एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळले तरच हेडच्या बोल्टला हात लावायचा. निळ्याचं पिवळं झालं आणि एक प्लगही धुतलेला निघाला, तर उघडा. नुसता धूर आणि साय, तर नाही.

या सगळ्याच्या आधी अर्थातच साध्या गळत्या बघायच्या, आणि त्यावर फार लिहीत नाही. वॉटर बॉडी म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली पांढरट किंवा गुलाबी खपली, होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची शिवण, सीएनजीसाठी टाकलेले टी-जॉइंट आणि त्यांचे पाइप. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं असेल तर आतला हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर. कूलंट चाखून बघण्याची काही जणांना सवय असते, ती सोडा. चव गोड लागते पण विष आहे.

आता तुमचा दुसरा मेकॅनिक. कॅप बदला म्हणाला म्हणून तो अडाणी ठरत नाही. कॅपची स्प्रिंग ढिली झाली की पाणी दाब धरत नाही, कमी तापमानाला उकळतं, बाटलीतून बाहेर उडतं. पाणी कमी झालं की गाडी तापते. घाट चढताना, दुसऱ्या गिअरवर, एसी चालू, समोरून वारा जवळजवळ नाही, अशा वेळी सगळा भार पंख्यावर. पंख्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) अधूनमधून दगा देत असेल तर शहरात कधी कळत नाही, घाटात कळतं. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत चिखल आणि किडे साचलेले असतात, समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर आतल्या नळ्यांत क्षार. आणि तुमच्या आधीच्या मालकाने किंवा कुणा हुशाराने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असू शकतो. ‘आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट कशाला’ हे मी आजही ऐकतो. या सगळ्यातलं नक्की काय हे गाडी बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण पॅकिंगवाल्या मेकॅनिकला एवढं जरूर विचारा: ‘मग तापली कशामुळे?’ त्याने उत्तर म्हणून पुन्हा पॅकिंगच सांगितलं तर दुसरीकडे जा.

तापमानाच्या काट्याबद्दलही एक गैरसमज आहे. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो, ७५ काय आणि १०० काय, मध्येच उभा. लालकडे निघाला तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत लोंबकळू लागला, तर काटा उलट खाली येतो. ‘काटा तर खाली आला होता, मग मी चालवली’ असं सांगणाऱ्यांची हेडं मी बघितली आहेत. तुम्ही लिहिलंय की थांबून थोड्या वेळाने पाणी ओतलंत. किती वेळाने? तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ॲल्युमिनियम एका जागी आक्रसतं, बाकी फुगलेलंच राहतं, आणि हेड वाकतं किंवा वॉल्व्हच्या मध्ये तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबून ओतलं असेल तर चिंता कमी, पाच मिनिटांत ओतलं असेल तर हेडची तपासणी अधिक काळजीने करायला सांगा.

समजा दोन पुरावे जुळले आणि हेड उतरवायचं ठरलं. मग २८ हजारांत काय काय येतं ते कागदावर घ्या, कारण नुसतं पॅकिंग बदलणं हे अर्धं काम आहे. हेड लेथवाल्याकडे जाऊन सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासलं गेलं पाहिजे. अशा छोट्या इंजिनांना सहसा ०.०५ मिलिमीटरहून जास्त वाक चालत नाही, म्हणजे केसापेक्षाही कमी. सरळ दिसलं तरी पाण्याच्या टाकीत दाब देऊन तडा आहे का ते बघायला सांगा. फेसिंग मशीनवर झालं पाहिजे. हाताच्या ग्राइंडरला पॉलिशचा पॅड लावून चमकवलेलं हेड दिसायला छान असतं आणि सहा महिने टिकतं. ज्या इंजिनाचे बोल्ट ठरावीक टॉर्क देऊन, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून, वर आणखी काही अंश फिरवायचे असतात, ते ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी केलेली असावीत, तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. आवळायचं मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने. आणि जुनं पॅकिंग फेकू देऊ नका, मागून घ्या. सिलिंडरभोवतीच्या कड्याजवळ जिथून गॅस जात होता तिथे काळा जळका माग असतो. तो दिसला नाही तर तुमचं पॅकिंग बहुधा शाबूत होतं. सरांच्या गाडीचं तसंच होतं, आणि मी तेव्हा ते बघितलंच नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकावी का, असंही कुणीतरी तुम्हाला सुचवेल. रेडिएटरच्या नळीला सुईएवढं भोक पडलं असेल आणि रात्रीच्या वेळी आडरानात असाल तर हळद तुम्हाला घरी आणू शकते, मी नाकारत नाही. पण एक बार दाबाचं भोक बुजवणं वेगळं आणि ५० बारच्या गॅससमोर टिकणं वेगळं. पॅकिंग त्याने सुधारत नाही, फक्त हीटर कोअर आणि बारीक नळ्या तुंबतात, आणि नंतर माझ्यासारख्याला पिवळा गाळ उपसावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या बाटलीबंद औषधांबद्दलही माझं मत तेच. विकायला काढलेल्या गाडीत ती सापडतात, ठेवायच्या गाडीत नाहीत.

तोवर गाडी चालवावी का? पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि होज मिनिटभरात कडक होत नसेल तर गावातल्या गावात, रोज सकाळी थंड असताना पातळी बघून, चालेल. बाटलीवर पेनाने खूण करून ठेवा. घाट नको, हायवे नको. पण एखाद्या सकाळी स्टार्टर मारल्यावर ‘ठक्’ होऊन इंजिन जागीच अडलं, तर पुन्हा मारू नका आणि ढकलस्टार्टही करू नका. सिलिंडर पाण्याने भरलेला असतो, पाणी दाबलं जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, आधी गॅसवर आणि मग टाकीचा वॉल्व्ह बंद करून पेट्रोलवर, होज आणि बुडबुडे दोन्ही बघा. दोन्हींत फरक दिसला तर आधी रिड्यूसर तपासून घ्या आणि हेडच्या बोल्टला कुणाला पाना लावू देऊ नका. फरक नाही दिसला तर ब्लॉक टेस्टरवाला गाठा, आणि निळ्याचं काय झालं ते मला कळवा.